पत : नव्या व्यावसायिकाचे पहिले भांडवल

नोकरी लागली की घर सावरले, ही आपल्या समाजातील दोन-तीन पिढ्यांची धारणा. ती चुकीची नव्हती. रेल्वे, पोस्ट, बँका, शाळा, आयुध निर्माणी येथील नोकऱ्यांनी नागपुरातील कितीतरी कुटुंबांना पक्के घर दिले आणि मुलांना शिक्षण दिले. परंतु आज जागा थोड्या आणि उमेदवार फार अशी स्थिती आहे. त्यामुळे पदवी घेतलेले तरुण-तरुणी शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, नाश्त्याची गाडी, केटरिंग, झेरॉक्स अशा लहान व्यवसायांकडे वळू लागले आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे.

मी बँकेत कारकून आहे. काउंटरच्या आतल्या बाजूने गेली वीसेक वर्षे अनेक धंदे सुरू होताना पाहिले आणि बंद पडतानाही पाहिले. बंद पडलेल्या धंद्यांचे मालक आळशी होते किंवा लबाड होते, असा माझा अनुभव नाही. बहुतेकांनी मेहनत केली. त्यांचे चुकले ते एकाच ठिकाणी. ते ठिकाण कोणते आणि नव्या माणसाने तेथे सावध कसे राहावे, हे सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घरचाच धडा

दुसऱ्यांची उदाहरणे देण्यापूर्वी घरचे सांगतो. ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांची परवानगी घेऊनच लिहितो.

माझे थोरले बंधू एका खाजगी ठिकाणी नोकरीला होते. ती नोकरी सुटली तेव्हा त्यांनी महालातील एका गल्लीत तयार कपड्यांचे छोटे दुकान थाटले. एका पतसंस्थेचे कर्ज घेतले आणि मी जामीन राहिलो. दुकान चांगले चालले. दिवाळीत तर पाय ठेवायला जागा नसे. संध्याकाळी गल्ल्यातून भाजीचे पैसे निघत, मुलांची फी निघे, पाहुण्यांचा चहा निघे. भाचीच्या लग्नाचा आहेरही त्यातूनच झाला. ओळखीच्या माणसाला उधारी नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तिसऱ्या वर्षी सीझनचा माल भरायची वेळ आली तेव्हा गल्ला रिकामा होता आणि व्यापाऱ्याचे जुने बिलही थकलेले होते. दुकान बंद झाले. पुढे अडतीस महिने त्या कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून गेला. माझ्या मुलीची शिकवणी एक वर्ष थांबवावी लागली.

बंधूंना कोणतेही व्यसन नव्हते. त्यांनी एक रुपया उधळला नाही. दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा त्यांनी एकच मानला, एवढीच चूक. आणि माझी चूक त्यांच्यापेक्षा मोठी होती. आठवडाभर बँकेत बसून मी परक्यांचा हिशेब रुपयाला रुपया जुळवीत असे. पण दर रविवारी बंधूंच्या दुकानात जाऊन चहा घेई, गर्दी पाही आणि समाधानाने घरी येई. "दादा, वही दाखवा," असे मी एकदाही म्हटले नाही. म्हटले असते तर ते रागावले असते. पण तो राग आम्हाला स्वस्तात पडला असता.

पत म्हणजे काय ?

मराठीत 'पत' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बाजारात पत म्हणजे उधारीवर माल किंवा कर्ज मिळण्याची लायकी. समाजात पत म्हणजे अब्रू. शब्द एकच आहे, हा योगायोग नव्हे. ज्याची वागणूक भरवशाची, त्यालाच बाजार माल देतो.

व्यापारी घरातील मुलाला ही पत वारशाने मिळते. तो इतवारीत ठोक व्यापाऱ्याकडे गेला की वडिलांच्या नावावर त्याला महिनाभराच्या वायद्याने माल मिळतो. आपले बहुतेक तरुण धंद्यातील पहिल्या पिढीचे आहेत. त्यांच्या घराण्याचे नाव कोणत्याच व्यापाऱ्याच्या खतावणीत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, परंतु हे माहीत असले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातून परतले. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर बाजारातील व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. अर्थशास्त्राचे त्यांच्याइतके शिक्षण घेतलेला माणूस त्या काळी विरळाच. गिऱ्हाइके येऊ लागली. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ती येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. ज्ञान होते, कष्ट होते. बाजाराने पत नाकारली. आज कायदा बदलला आहे, काळही पुष्कळ बदलला आहे. तरीही पहिल्या पिढीच्या माणसाला स्वतःला सिद्ध करावेच लागते. त्यासाठी त्याच्या हाती सर्वांत भक्कम साधन म्हणजे लिहिलेला हिशेब. तोंडी शब्दामागे लोक ओळख शोधतात, वशिला शोधतात. तीन वर्षे रोज लिहिलेली वही आणि वेळेवर भरलेले हप्ते यांना मात्र आडनाव विचारणे कठीण जाते.

दुकानदाराचे तीन गुण

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात पापणिक सुत्त आहे. 'पापणिक' म्हणजे दुकानदार. तेथे यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. पहिला, तो 'चक्खुमा' म्हणजे डोळस असतो. माल कितीला घेतला, कितीला विकला तर किती नफा राहील, हे तो जाणतो. दुसरा, तो 'विधुर' म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल असतो. तिसरा, तो 'निस्सयसंपन्न' असतो. म्हणजे धनवंत लोक त्याचा भरवसा धरून त्याला भांडवल देतात. भिक्खूंच्या साधनेसाठी दिलेला हा दृष्टान्त आहे. पण दुकानदाराच्या बाबतीतही तो शब्दशः खरा आहे. विश्वास तिसरा आहे हे ध्यानात घ्यावे. पहिले दोन गुण असले की तिसरा येतो. हाच क्रम आपण घेऊ.

पहिला गुण : डोळसपणा

एक उदाहरण पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत. एका तरुणाने तर्री-पोह्याचे दुकान काढले. एक प्लेट ३० रुपयांना. पोहे, चणे, तेल, मसाला, कांदा, गॅस मिळून एका प्लेटला खर्च १७ रुपये. म्हणजे प्लेटमागे १३ रुपये सुटतात.

आता महिन्याचा बांधील खर्च, म्हणजे एकही प्लेट न विकता करावाच लागणारा खर्च :

जागेचे भाडे – ६,००० रु.
मदतनिसाचा पगार – ९,००० रु.
वीज, पाणी, किरकोळ – १,५०० रु.
कर्जाचा हप्ता (६०,००० रु., १२ टक्के व्याज, ३६ महिने) – सुमारे २,००० रु.
मालकाचा स्वतःचा पगार – १०,००० रु.
एकूण – २८,५०० रु.

या २८,५०० ला १३ ने भागले तर महिन्याला सुमारे २,१९३ प्लेट होतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ८५ प्लेट विकल्या पाहिजेत.

समजा, रोज ६० प्लेट विकल्या जातात. गल्ल्यात रोज १,८०० रुपये जमतात. शेजारी म्हणतात, पोराचा धंदा जोरात आहे. पोरालाही तसेच वाटते. आता हिशेब करा. ६० प्लेटचे रोजचे सुटतात ७८० रुपये. २६ दिवसांचे २०,२८०. त्यातून मालकाचा पगार सोडून बाकीचे १८,५०० वजा केले की उरतात १,७८० रुपये. म्हणजे एका दिवसाच्या गल्ल्यात जेवढे दिसते, तेवढीही त्याची महिन्याची कमाई नाही. तो मात्र रोज गल्ल्यातून दोन-तीनशे रुपये घरी नेतो आहे. ते पैसे कोणाचे ? पोहेवाल्या व्यापाऱ्याचे, घरमालकाचे आणि बँकेचे. माझ्या बंधूंचे हेच झाले होते.

म्हणून गर्दी पाहू नये, गल्ला पाहू नये, वही पाहावी. हा हिशेब दुकान काढण्याच्या आधी करावा. ८५ प्लेट विकल्या जाण्यासारखी ती जागा नसेल तर भाडे कमी करावे, मदतनीस अर्ध्या दिवसाचा ठेवावा किंवा जागा बदलावी. कागदावरची चूक फुकट खोडता येते.

उधारीचेही असेच आहे. दहा प्लेटची उधारी बुडाली तर नफा तर जातोच, शिवाय सामानाचे १७० रुपये पदरचे जातात. ते भरून काढायला आणखी चौदा प्लेट विकाव्या लागतात.

दुसरा गुण : कुशलता

महालापासून हाकेच्या अंतरावर जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर आहे. त्याच्या लगत १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ती २००२ मध्ये बंद झाली; पण ती उभी कशी राहिली, हे लहान व्यावसायिकानेही अभ्यासावे. त्या काळी कापड गिरण्या मुंबईत निघत. टाटांनी नागपूर निवडले, कारण कापूस या भागात पिकत होता, रेल्वे १८६७ मध्ये येथवर आली होती आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. जागा निवडताना त्यांनी माल कोठून येईल आणि कोठे जाईल, हे पाहिले.

चूक त्यांच्याही हातून झाली. सुरुवातीला यंत्रसामग्री स्वस्तातील घेतली. सूत चांगले निघेना, तेव्हा ती बदलून चांगली घेतली. व्यवस्थापक म्हणून नेमलेले बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले होते. त्यांना गिरणीचा अनुभव नव्हता. त्यांनी काम शिकून घेतले. यातून आपल्याला तीन गोष्टी घेता येतात. जागा ही भाड्यावरून नव्हे तर गिऱ्हाइकावरून ठरवावी. रोज वापरायचे यंत्र, मग ते शिलाई मशीन असो की मिक्सर, केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये. आणि धंद्याची माहिती नसेल तर ती आधी मिळवावी. ज्याला कपड्याचे दुकान काढायचे आहे, त्याने सहा महिने गांधीबागेत एखाद्या दुकानात काम करावे. पदवीधराने दुसऱ्याच्या दुकानात घड्या घालण्यात कमीपणा नाही. फीऐवजी पगार देणारी ती शाळा आहे.

तिसरा गुण : विश्वासपात्रता

विश्वास एका दिवसात मिळत नाही, पायरीपायरीने वाढतो. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेली पंतप्रधान स्वनिधी योजना याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात पहिले कर्ज १०,००० रुपयांचे, ते फेडले की २०,००० आणि तेही फेडले की ५०,००० अशी रचना होती. २०२५ मध्ये पहिल्या दोन पायऱ्या १५,००० आणि २५,००० अशा वाढवण्यात आल्या. रक्कम लहान म्हणून पहिल्या पायरीकडे दुर्लक्ष करू नये. ते कर्ज पैशासाठी कमी आणि नाव लिहिले जाण्यासाठी अधिक आहे.

एप्रिल २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेतही शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज आहे. तरुण गटातील कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये २० लाखांची पायरी वाढवली गेली. हे कर्ज तारणाशिवाय मिळते, परतफेडीशिवाय नव्हे. 'सरकारी आहे, पुढे माफ होईल' असे सांगणारे लोक भेटतात. हप्ता भरायची वेळ आली की ते भेटत नाहीत.

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते. सिबिलसारख्या संस्थांकडे प्रत्येक कर्जदाराची नोंद असते. तिचा गुणांक ३०० ते ९०० यांमध्ये असतो. आज पाच हजारांचा हप्ता चुकवणाऱ्याचे उद्याचे गृहकर्ज तेथे अडते आणि जामीनदाराचेही अडते. अडचण आली तर तारखेच्या आधी स्वतः बँकेत जावे. आधी येऊन अडचण सांगणाऱ्या माणसाकडे बँक वेगळ्या नजरेने पाहते. तोंड चुकवणाऱ्याबद्दल मात्र वाईटच समजले जाते.

हेच ठोक व्यापाऱ्याच्या बाबतीत. सोमवारचा वायदा असेल आणि पैसे जमणार नसतील तर शनिवारीच त्याच्या पेढीवर जावे, असतील तेवढे द्यावे आणि बाकीचा दिवस सांगावा. असे दोनदा केले की तिसऱ्यांदा तोच व्यापारी म्हणतो, "माल घेऊन जा."

वागणुकीचे काही नियम

१) ठरलेल्या वेळी दुकान उघडावे. पापणिक सुत्ताच्या लगतच्याच सुत्तात सकाळ, दुपार, संध्याकाळ कामाकडे लक्ष न देणारा दुकानदार प्रगती करू शकत नाही, असे सांगितले आहे. दोनदा कुलूप पाहिलेले गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही.

२) भाव लिहून लावावा. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा भाव नको. वजनमापे दरवेळी मुदतीत पडताळून घ्यावीत.

३) कबूल केलेल्या दिवशी काम द्यावे. ब्लाउज शनिवारी देतो म्हटले तर शनिवारीच. जमणार नसेल तर आधीच तसे सांगावे.

४) मदतनिसाचा पगार ठरल्या तारखेला द्यावा. आपल्या वडिलांना मालकाच्या दारात पगारासाठी ताटकळावे लागले असेल, तर त्याची आठवण ठेवावी.

५) शेजारच्या दुकानाची निंदा करू नये. गिऱ्हाईक ती ऐकून घेते. पण आपल्याबद्दलचे मत वाईट करून जाते.

६) दुकानाचे बँक खाते वेगळे असावे आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा असावा. रोज येणाऱ्या लहान रकमांचा उतारा उद्या कर्ज मागताना कामी येतो.

७) उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि ती मोफत आहे. त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला २००६ च्या कायद्याचे संरक्षण आहे. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत.

८) मालकाने स्वतःचा पगार ठरवावा आणि महिन्यातून एकदाच घ्यावा. आजारपण आले तरी गल्ल्याला हात लावू नये. त्यासाठी वेगळी शिल्लक असावी. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात आणि चौथा संकटकाळासाठी. एवढे जमेलच असे नाही. पण चौथ्या भागाची सुरुवात रोज वीस रुपयांनीही होते.

समाजबांधवांना दोन शब्द

दुकानदाराने काय करावे हे सांगितले. गिऱ्हाइकानेही काही करावयाचे आहे. आपल्या माणसाने दुकान काढले की आपण कौतुकाने जातो आणि 'घरचेच दुकान आहे' म्हणून उधारी मागतो, भाव कमी करायला लावतो. परक्या दुकानात मात्र गुपचूप रोख मोजतो. ही मदत नव्हे. माझ्या बंधूंच्या वहीत जी उधारी बुडाली, तिच्यातील बहुतेक नावे आमच्याच घरी हळदीकुंकवाला, लग्नाला, वाढदिवसाला येणारी होती. आपल्या मुलाच्या दुकानातून पूर्ण भावाने आणि रोखीने घ्यावे, आणि माल वाईट असेल तर तसे तोंडावर सांगावे. त्याला दोन्हींचा उपयोग आहे.

घरच्यांनीही दुकानाला दुकानच समजावे. आईने गल्ल्यातून भाजीचे पैसे मागू नयेत. मुलाने ठरलेला पगार आईच्या हातात ठेवावा. पुढे वाद होण्यापेक्षा हे पहिल्याच महिन्यात ठरलेले बरे. जो जामीन राहतो, त्याने वही पाहण्याचा हक्क आधीच मागून घ्यावा. मी तो मागितला नाही.

समारोप

व्यवसायाचे नियोजन आणि व्यवसायातील सचोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपण समजतो. वरील विवेचनावरून त्या एकच असल्याचे दिसून येईल. ज्याने हिशेब मांडला नाही, त्याची इच्छा कितीही चांगली असली तरी त्याचा शब्द खोटा पडतो. कारण शब्द पाळायला लागणारे पैसे त्याने नकळत खर्च केलेले असतात. माझे बंधू आज दुसऱ्याच्या दुकानात हिशेब सांभाळतात. त्यांच्या वहीत एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. हे काम त्यांना आधीही येत होते. फक्त ते स्वतःच्या दुकानात करावयाचे असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

विद्यार्थ्यांनी आजपासूनच एक करावे. दहा रुपयांची वही घेऊन त्यात आपला रोजचा जमाखर्च लिहावा. ज्याला स्वतःच्या खर्चाचा महिनाभराचा मेळ घालता आला, त्याची अर्धी तयारी झाली. आपल्या संस्थेने महिन्यातील एका रविवारी हिशेब वर्ग सुरू करावा, अशी माझी सूचना आहे. ज्यांचा धंदा चालू आहे, त्यांनी वही घेऊन यावे. ज्यांना सुरू करायचा आहे, त्यांनी नुसते आकडे घेऊन यावे. शिकवण्यासाठी दोन तास देण्याची माझी तयारी आहे. चहा मी घरून आणीन. पण आधी वही पाहीन.